मापापुरतं बोट

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं व्हायला महिना राहिला होता, तेव्हा बंगळूरहून मुलीचा फोन आला. ती तिथं नोकरी करते. म्हणाली, "बाबा, या वेळेस आईला साडी नका आणू. इटर्निटी रिंग घ्या."

मी विचारलं, "ते काय असतं?"

"सगळीकडून सारखे हिरे बसवलेली अंगठी. कुठं सुरू होते नि कुठं संपते ते कळतच नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली की बायकोला देतात."

मी पाटबंधारे खात्यात इंजिनिअर आहे. बीदरला मैलूरमध्ये घर. कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी तिची मुळापासून माहिती काढायची, ही माझी जुनी खोड. पुढचे पंधरा-वीस दिवस ऑफिसात जेवणाचा डबा संपला की मी फोनवर त्या अंगठीचं वाचत बसायचो. जुन्या इजिप्तमध्ये म्हणे आपलीच शेपटी तोंडात धरलेल्या सापाची खूण असायची, न संपणाऱ्या काळाची. पुढे इंग्लंडात लोक अंगठीच्या आतल्या अंगाला प्रेमाचे दोन शब्द कोरून घ्यायचे, बाहेरून दिसू नयेत म्हणून. मग गोलभर खडे आले. आणि गेल्या शतकात एका मोठ्या हिरे कंपनीला बारीक बारीक हिरे खपवायचे होते, तेव्हा तिनं जाहिराती केल्या की लग्नाची अंगठी एकदाच देऊन भागत नाही, इतकी वर्षं साथ दिलेल्या बायकोला दुसरी द्यायला हवी. ते वाचून मी हसलो. पण जाहिरात मला लागू पडलीच होती.

प्रकारही पाठ झाले. पूर्ण गोलाची, अर्ध्या गोलाची, पाऊण गोलाची. एकीत प्रत्येक खडा बारीक नखांनी धरलेला. त्यात उजेड जास्त खेळतो, पण साडीचे धागे अडकतात. दुसरीत दोन पट्ट्यांच्या मध्ये खडे ओळीनं बसवलेले, आमच्या कालव्याच्या अस्तरात फरशा बसवाव्यात तसे. काही नुसत्या हिऱ्यांच्या, काहींत एक हिरा एक माणिक. मला पूर्ण गोलाची घ्यायची होती. अर्धी अंगठी म्हणजे अर्धवट काम, असं मला वाटलं.

आता हे सगळं आठवताना मला लाज वाटते ती याची, की त्याच महिन्यात अक्कानं मला दोनदा गुडघ्याचं विचारलं होतं आणि मी दोन्ही वेळा "बघू" म्हणालो होतो.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मला ती तम्मा म्हणते, म्हणजे धाकटा भाऊ. तिचं लग्न झालं नाही. वडील गेल्यावर गावाकडच्या, कमठाण्याच्या घराला कुलूप लावून मी तिला इथं आणलं, तेव्हापासून ती आमच्यातच आहे. माझी बायको उदगीरची, इथल्या शाळेत शिक्षिका. ती सकाळी आठला बाहेर पडायची, त्यामुळं मुलगी अक्काच्याच मांडीवर वाढली. गेली दोन वर्षं अक्काचा उजवा गुडघा दुखायचा. जिन्यावर ती एक पायरी चढून दोन्ही पाय टेकवायची, मग पुढची. बीदरच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून सांगितलं होतं की कलबुर्गीला हाडांच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. तो एक्स-रे आठ महिने कपाटात होता.

अंगठीची अडचण मापाची होती. पूर्ण गोलाची अंगठी नंतर वाढवता येत नाही की कमी करता येत नाही. सगळीकडं खडेच असतात, कापून जोडायला मोकळं सोनंच नसतं. माप बरोबर हवं, आणि बायकोला तर कळू द्यायचं नव्हतं. तिची साधी अंगठी तिच्या बोटातून कधी निघत नाही. फक्त कणीक मळताना ती काढायची आणि हरवू नये म्हणून शेजारी उभ्या असलेल्या अक्काच्या बोटात घालायची. अगदी बरोबर बसायची. मुलीला हे माहीत होतं. ती म्हणाली, "मग आत्यालाच घेऊन जा ना दुकानात. सोपं आहे."

सोपंच होतं. मी रात्री जेवताना सगळ्यांसमोर म्हणालो, "उद्या अक्काला कलबुर्गीला घेऊन जातो. गुडघा दाखवायला."

बायको म्हणाली, "बरं झालं बाई, सुचलं एकदाचं."

सकाळी मी उठलो तर अक्का तयार होती. इरकल नेसलेली, केस नीट बांधलेले, डब्यात चपात्या आणि शेंगाची चटणी, आणि कापडी पिशवीत ते एक्स-रेचं मोठं पाकीट, वाकू नये म्हणून मागं पुठ्ठा लावलेलं.

हुमनाबाद गेल्यावर मी तिला खरं सांगितलं. मला वाटत होतं की मी तिला एका गमतीत सामील करून घेतोय.

"अंगठी?" ती म्हणाली. मग हसली. "व्हय का? चांगलं हाय की. तिला आवडंल." थोड्या वेळानं तिनं मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली.

"डॉक्टरकडं बी जाऊ," मी म्हणालो. "दुकान आटपलं की."

"जाऊ की. काय घाई हाय."

कलबुर्गीच्या सराफ बाजारातलं ते दुकान तसं जुनं, आतून नवं केलेलं. मालक साठीचे, कानात अत्तराचा बोळा, आमच्याकडच्या सगळ्या व्यापाऱ्यांसारखे चार भाषांत बोलणारे. त्यांनी अक्काला खुर्ची दिली आणि कन्नडमध्ये म्हणाले की बसा अक्का, पंचवीस वर्षं म्हणजे मोठी गोष्ट आहे, साहेबांनी आठवण ठेवली, नशीब लागतं. तेवढ्यात त्यांची नजर तिच्या मोकळ्या गळ्याकडं गेली आणि ते अडखळले.

अक्कानंच त्यांना सोडवलं. "मी बहीण. बोट तेवढं माझं, अंगठी भावजयीची."

काउंटरवरचे सगळे हसले. मीसुद्धा हसलो.

मग दीड-दोन तास तिच्या बोटात अंगठ्या चढत-उतरत राहिल्या. मी समोर बसून तिचा हात फिरवून फिरवून बघत होतो. नखांची, पट्ट्यांची, माणकांची. "जरा उजेडात धर. आता मूठ मिट. आता उघड." ती धरत होती, मिटत होती, उघडत होती. तिच्या बोटांची पेरं सुजलेली होती, अंगठ्याशी विळीचा जुना वण होता. त्या हाताकडं मी इतक्या जवळून किती वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही मी बघत होतो ते खडेच.

शेवटी पूर्ण गोलाची एक मला पसंत पडली. मालक म्हणाले की दुपारी बोट फुगतं, थोडा वेळ घालून बसा, मगच माप नक्की होईल. आम्ही चहा घेतला. चहा झाल्यावर अंगठी पेरावर अडकली. अक्कानं ओढली, फिरवली. साबणाचं पाणी आणलं. तरी नाही. बोट लाल झालं, अंगठीची नखं कातड्यात रुतायला लागली. दुकानातली दोन-तीन गिऱ्हाइकं वळून बघायला लागली, आणि अक्का, जी परक्या माणसांसमोर पदरही सावरून घेते, ती पाणी गळणारा हात पुढं धरून तशीच बसली होती.

"घाबरू नका अक्का, ये तो रोज का है," मालक म्हणाले. त्यांनी रेशमी दोरा घेतला, त्याचं एक टोक अंगठीखालून सरकवलं, उरलेला दोरा बोटावर पेरापर्यंत घट्ट गुंडाळला आणि मग खालच्या टोकाकडून हळूहळू सोडवत गेले. दोरा सुटेल तशी अंगठी एकेक वेढा पुढं सरकत होती.

अक्का त्या दोऱ्याकडं बघत होती. मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "ती तेव्हा लगीच निघाली होती, तम्मा."

ती म्हणजे कुठली, हे त्या दुकानात फक्त मला माहीत होतं.

तीस वर्षांपूर्वी अक्काचा साखरपुडा झाला होता. बसवकल्याण तालुक्यातलं कोहिनूर गाव, शेती असलेलं घर, मुलगा सरकारी शाळेत मास्तर. लाल खड्याची बारीक अंगठी त्यांनी तिच्या बोटात घातली. दोन महिन्यांनी आमच्या वडिलांना लकवा झाला. आई आधीच गेलेली. मी कलबुर्गीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. अक्कानं निरोप पाठवला की भावाचं शिक्षण संपेपर्यंत लग्न थांबवा, मग तो अप्पांना बघेल. ते वर्षभर थांबले. माझी परीक्षा झाली, निकाल लागला, आणि मला हुबळीला पुढच्या शिक्षणाची जागा मिळाली. अजून दोन वर्षं. अक्कानंच सांगितलं, जा. कोहिनूरहून निरोप आला की आता आमच्यानं थांबणं होणार नाही.

अंगठी परत द्यायला मी गेलो. अक्कानं बोटातून काढून रुमालात बांधून दिली.

कोहिनूरला मुलाच्या वडिलांनी ती मुकाट्यानं घेतली. चहा झाला. तो मास्तर मला बस थांब्यापर्यंत सोडायला आला. बस यायला वेळ होता. तो म्हणाला, "एक इच्यारू का? तुम्ही हे शिकणं एक वर्ष पुढं ढकललं तर? घरी थांबा, अप्पांना बघा. लग्न झालं की आम्ही दोघं मिळून बघू, मी बदली करून घेतो बीदरकडं. तुमच्या अक्काला एवढं सांगा, इच्यारा. ती व्हय म्हणाली तर मी घरच्यांना धरून ठेवतो."

मी म्हणालो, "सांगतो." बस आली, मी चढलो.

घरी अक्का उंबऱ्यात उभी होती. "काय म्हणाले?"

"काही न्हाई," मी म्हणालो. "अंगठी घेतली."

"आणि ते?"

"ते घरी नव्हते."

आठ दिवसांनी मी हुबळीला गेलो. तो बिचारा उत्तराची वाट बघत राहिला असेल. त्या काळी त्यानं अक्काला सरळ पत्र लिहिणं शक्यच नव्हतं. चार महिन्यांनी त्याचं दुसरीकडं लग्न झाल्याचं कानावर आलं.

दोरा सुटला, अंगठी निघाली. मालकांनी अक्काच्या बोटाला तेल लावलं आणि मला म्हणाले, "साहेब, माझं ऐका, पूर्ण गोलाची सोडा. तळहाताकडचे खडे भांड्याला लागतात, कळशी उचलताना ठोके बसतात. घरात काम करणाऱ्या हाताला अर्ध्या गोलाची बरी. वय वाढलं, बोट बदललं, तर मागून कापून वाढवता येते." मग ते अक्काकडं वळले. "तुम्ही सांगा अक्का. तुम्हाला कोणती आवडली?"

हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

तिनं जरा वेळ ट्रेकडं बघितलं. मग एका बारीक अंगठीवर बोट ठेवलं. अर्ध्या गोलाची, पट्टीत बसवलेले लहान हिरे. "ही. दिसायला साधी हाय."

"छान," मी म्हणालो. "हीच द्या." आणि डबी खिशात घातली. काम झालं म्हणून मला खरंच हलकं वाटलं.

बाहेर आलो तेव्हा डॉक्टरांची वेळ संपली होती. अक्का म्हणाली, "पुन्हा बघू की." घरी पोचल्यावर बायकोनं विचारलं, काय म्हणाले डॉक्टर. मी काहीतरी जुळवायच्या आत अक्काच म्हणाली, "गोळ्या दिल्यात लिहून. चालू दे म्हणाले." माझं गुपित फुटू नये म्हणून ती खोटं बोलली, आणि मी तिला बोलू दिलं.

लग्नाच्या वाढदिवसाला मुलगी आली, शेजारपाजारची चार माणसं आली. बायकोनं अंगठी घातली, बरोबर बसली. ती खुलली. "कुणी पसंत केली? तुम्हाला एवढं कळत नाही," म्हणाली. मुलगी हसत म्हणाली, "आत्यानं. बोटही आत्याचंच नेलं होतं." आणि सगळी गोष्ट सांगून टाकली.

पाहुणे गेल्यावर बायकोनं मला स्वयंपाकघरात गाठलं. "म्हणजे त्या दिवशी डॉक्टरकडं गेलाच नाहीत?"

"न्हाई."

"अक्का पहाटे चारला उठल्या होत्या. मला म्हणाल्या, तम्मानं आपणहून विषय काढला बघ." मग म्हणाली, "तुम्ही इतकं कसं करू शकता हो?"

तिला तर सगळं माहीतही नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात मी रजा काढून अक्काला कलबुर्गीला नेलं. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, नवा एक्स-रे काढला आणि म्हणाले की कूर्चा पार झिजली आहे, आता सांधा बदलावा लागेल. दोन वर्षांपूर्वी आला असतात तर कदाचित औषधांवर निभावलं असतं. अक्कानं मान हलवली, जशी काही चूक तिचीच होती.

परत येताना कमलापूरला लाल केळी घ्यायला गाडी थांबवली. दुपार होती. अक्कानं एक केळं सोलून अर्धं मला दिलं. मी ते हातात धरून म्हणालो, "अक्का, तुला पण एक अंगठी करायची. तुला आवडंल ती."

"मला कशाला?" ती म्हणाली. "काय करायचीय मला अंगठी."

त्या वेळी मला कळलं की मी पुन्हा तेच करतोय. सांगायचं ते टाळून सराफाकडं चाललोय. मी गाडी बंद केली आणि कोहिनूरच्या बस थांब्यावरचं सगळं तिला सांगितलं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा सांग. तो काय म्हणाला? जसंच्या तसं सांग."

मी सांगितलं.

"बदली करून घेतो म्हणाला?"

"व्हय."

"आणि मला इच्यार म्हणाला?"

"व्हय."

तिनं मला तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मी म्हणालो की तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा होतो, मला हुबळीची जागा सोडवेना, मला वाटलं तू व्हय म्हणशील म्हणूनच मी—

"मी न्हाईच म्हणले असते," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा ती माझ्यावर ओरडली. "तुला शिकायला मीच पाठवले असते! पण ते माझं होतं की रे. त्यानं मला इच्यारलं होतं. तीस वर्षं मी समजायले की त्यानं एका शब्दानं इच्यारलं न्हाई. अंगठी परत यायच्या दिवशी घरी बी थांबला न्हाई, असं समजायले मी. तू मला कामून दिलं न्हाईस ते?"

मी हातातलं अर्धं केळं समोर ठेवून दिलं.

"हाय का तो अजून?"

"माहीत न्हाई," मी म्हणालो. "मी कधी चौकशी केली न्हाई."

"तेवढं बी केलं न्हाईस."

ती उतरली. दुखऱ्या पायानं गाडीला वळसा घालून मागचं दार उघडलं आणि मागच्या सीटवर बसली. बीदर येईपर्यंत आरशात मला तिचा चेहरा दिसत होता. ती रडत नव्हती, खिडकीबाहेर बघत होती.

घरात तिनं हे कुणाला सांगितलं नाही. बायकोला मी स्वतः सांगितलं. तिनं दोन दिवस ती हिऱ्यांची अंगठी काढून ठेवली होती. मग अक्कानंच तिला रागावून घालायला लावली. "त्यात तुझं काय?" म्हणाली.

अक्काच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात बारा दिवस राहिलो. ती माझ्याकडून पाणी घ्यायची, हात धरून चालायची, पण बोलायची ती नर्सांशी आणि माझ्या बायकोशी. पाय बरा झाल्यावर एक दिवस तिनं कमठाण्याच्या घराची किल्ली मागितली. तिथं राहायचं म्हणाली. मी नको म्हणालो, बायको रडली, मुलीनं बंगळूरहून फोन केले. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "रुसून जायली न्हाई मी. मला तिथं राहून बघायचंय."

आता ती तिथंच असते. घर झाडून-सारवून तिनं नीट केलंय. संध्याकाळी गल्लीतल्या चार मुलींना मराठी वाचायला शिकवते, कारण शाळेत त्यांचं सगळं कन्नडमध्ये चालतं. मी रविवारी जातो. पहिले काही रविवार चहा मिळायचा, बोलणं नाही. मग बाजारभावाचा, पावसाचा, शेजाऱ्यांच्या म्हशीचा विषय निघायला लागला. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही. मी माफी मागितलीही नाही. मागितली तर ती देऊन टाकेल याची मला भीती वाटते. तिनं जन्मभर मला मागितलं ते देऊनच टाकलंय.

गेल्या रविवारी ती शेंगा फोडत बसली होती. मी उठलो, चपला घालत होतो. तिनं मान वर न करता विचारलं, "तम्मा, त्या दिवशी थांब्यावर आला तेव्हा त्यानं सदरा कुठला घातला होता?"

मी आठवून पाहिलं. रस्त्यावरची धूळ आठवली, बसचा हॉर्न आठवला, माझी घाई आठवली. सदरा आठवेना. पांढरा म्हटलं असतं, निळा म्हटलं असतं, तरी तिला चाललं असतं.

"आठवत न्हाई, अक्का," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली. "आठवला तर सांग."